हातोड्याच्या शोधांत सांपडलेला निधि

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याकडे सफोक नांवाचा एक शेतीप्रधान परगणा आहे. त्यांतील हॉक्सन या लहानशा खेड्यांत पीटर व्हॉटलिंग नांवाचा शेतकरी कौंटी कौन्सिलची जमीन खंडानें कसत असे. इ. स. १९९२ च्या नोव्हेंबर महिन्यांत त्याचा एक हातोडा शेतांत कोठें तरी पडला आणि कांहीं केल्या सांपडेना. हातोडा तो केवढा आणि त्याची किंमत ती काय! पण हाताला बसलेलें हत्यार हरवलें म्हणजे कष्टकरी माणसाला चुटपुट लागून राहते. त्याच्या ओळखीचा एरिक लॉज हा बागकाम करून निवृत्त झालेला गृहस्थ होता आणि निवृत्तीच्या प्रसंगीं त्याला एक धातुशोधक यंत्र भेट मिळालें होतें. तें यंत्र घेऊन हातोड्याचा शोध करावा, असें ठरलें. १६ नोव्हेंबर रोजीं लॉज शेतांत उतरला. थोड्याच वेळांत यंत्राचा आवाज एका जागीं घुमूं लागला. त्यानें माती उकरली, तों हातोड्याऐवजीं रुप्याचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाण्यांमागून नाणीं वर येऊं लागलीं.

येथपर्यंतची हकीकत एखाद्या परीकथेंत शोभण्यासारखी आहे. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें खरें महत्त्व आहे तें यापुढच्या घटनेला. भूमींतून सोनें निघत असतांना लॉजनें हात आवरला. उरलेली माती त्यानें तशीच राहूं दिली, आणि पोलिसांना व जमिनीच्या मालकाला, म्हणजे कौंटी कौन्सिलला, वर्दी दिली. दुसऱ्याच दिवशीं परगण्याच्या पुरातत्त्व खात्याचे लोक शेतावर आले आणि गाजावाजा न करतां एका दिवसांत त्यांनीं तो सर्व ठेवा वर काढला. लॉजच्या त्या थांबण्यानें इतिहासाच्या पदरांत काय पडलें, हें समजण्यासाठीं या यंत्राची आणि त्याच्याभोंवतीं माजलेल्या वादाची थोडी पूर्वपीठिका ध्यानांत घेतली पाहिजे.

धातुशोधक यंत्राचा जन्म पुराणवस्तूंसाठीं झालेला नाहीं. इ. स. १८८१ च्या जुलैमध्यें अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडण्यांत आली. ती शरीरांत कोठें रुतून बसली आहे हें डॉक्टरांना उमगेना. तेव्हां टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यानें विजेच्या वेटोळ्यांचें एक उपकरण घाईघाईनें तयार करून रुग्णाच्या देहावरून फिरविलें. पलंगाच्या पोलादी तारांनीं त्याच्या प्रयोगांत घोटाळा केला, गोळी सांपडली नाहीं, आणि सप्टेंबरमध्यें अध्यक्षांचा अंत झाला. उपकरण अपयशी ठरलें, तरी त्यामागचें तत्त्व खरें होतें. तारेच्या वेटोळ्यांतून उलटसुलट वाहणारा विद्युत्प्रवाह सोडला कीं भोंवतीं बदलतें चुंबकीय क्षेत्र निर्माण होतें. त्याच्या टापूंत एखादा धातु आला तर त्या धातूंतही सूक्ष्म प्रवाह भोंवरे घेऊं लागतात. त्या प्रवाहांचें स्वतःचें चुंबकीय क्षेत्र उलट वेटोळ्यापर्यंत पोहोंचतें, आणि कानाला लावलेल्या यंत्रांत आवाज उमटतो. माती या क्षेत्राला फारशी आडवी येत नाहीं, म्हणून जमिनीखालीं वीतभर खोल असलेलें नाणें या यंत्राला ओळखतां येतें.

दुसऱ्या महायुद्धांत या तत्त्वाला खरा उपयोग लाभला. मातृभूमि गमावून स्कॉटलंडमध्यें आलेल्या पोलिश सैन्यांतील योझेफ कोसात्स्की या अधिकाऱ्यानें सुरुंग शोधण्याचें एक सुटसुटीत यंत्र तयार केलें, आणि त्याचे हक्क राखून न ठेवतां तें ब्रिटिश सैन्याला देऊन टाकलें. इ. स. १९४२ च्या ऑक्टोबरमध्यें अल् अलामीनच्या रणांगणावर अशीं सुमारें ५०० यंत्रें वापरण्यांत आलीं. सुरुंगांनीं भरलेल्या वाळवंटांतून वाट काढण्याचें काम त्यामुळें पुष्कळ जलद झालें. युद्ध संपलें, यंत्रें हलकीं आणि स्वस्त होत गेलीं, आणि १९७० नंतरच्या दशकांत तीं इंग्लंडमधील सामान्य माणसाच्या हातीं आलीं. रविवारची सुटी, खांद्यावर यंत्र, हातांत लहानसें खुरपें, आणि पायांखालीं दोन हजार वर्षांचा इतिहास! हा छंद वाऱ्यासारखा पसरला.

पुरातत्त्वज्ञांना मात्र या छंदानें धडकी भरली. त्यांची तक्रार मत्सरापोटीं नव्हती. जमिनींतून निघालेल्या वस्तूचें मोल तिच्या सोन्यारुप्यांत जितकें असतें, त्याहून अधिक तें तिच्या जागेंत असतें. नाणें कोणत्या थरांत होतें, त्याच्या शेजारीं कशाचे तुकडे होते, तें पेटींत होतें कीं मडक्यांत, घरांत होतें कीं देवळांत, या सर्व गोष्टी एकत्र वाचल्या तरच इतिहास बोलूं लागतो. नाणें उचललें आणि जागा विसरली, म्हणजे पोथींतील एक अक्षर कापून घेऊन पोथी अग्नींत टाकण्यासारखें झालें. इ. स. १९८० मध्यें पुरातत्त्वज्ञांच्या संस्थांनीं या छंदाविरुद्ध मोहीमच उघडली. छंदिष्टांचें म्हणणें असें, कीं नांगराखालीं दरवर्षी ज्या वस्तू मोडून जातात त्या आम्हीं वांचविल्या तर त्यांत अपराध कोणता? दोन्ही पक्षांच्या बोलण्यांत तथ्य होतें, आणि म्हणूनच भांडण मिटत नव्हतें.

त्या भांडणांत कायद्याचीही मदत होत नव्हती. इंग्लंडमध्यें मध्ययुगापासून चालत आलेला निखात निधीचा दंडक असा होता, कीं जें सोनें किंवा रुपें पुन्हां काढून घेण्याच्या हेतूनें कोणीं पुरून ठेवलें आहे आणि ज्याचा धनी ठाऊक नाहीं, तें राजसत्तेचें. हेतु कोणता होता हें ठरवावयाचें कॉरोनरनें आणि त्याच्या ज्यूरीनें. दीड हजार वर्षांपूर्वीं मेलेल्या माणसाच्या मनांत काय होतें याचा निवाडा ज्यूरीच्या गृहस्थांनीं करावा, असा हा प्रकार! नजरचुकीनें पडलेलें, प्रेताबरोबर पुरलेलें किंवा देवाला वाहिलेलें सोनें या व्याख्येंत बसत नसे. तांबें, पितळ, लांकूड, माती यांचा तर विचारच नव्हता. शिवाय बक्षीस मिळे तें सर्व शोधणाऱ्याला. ज्याच्या शेतांत वस्तु निघाली त्याला कायद्यानें छदामही मिळत नसे.

या दंडकाचीं फळें सफोकमध्येंच पूर्वीं एकदां दिसलीं होतीं. इ. स. १९४२ च्या जानेवारींत मिल्डनहॉलजवळ गॉर्डन बुचर नांवाचा माणूस दुसऱ्याच्या शेतांत नांगरट करीत असतां त्याच्या नांगराला एक मोठें रुप्याचें ताट लागलें. त्यानें आपला मालक सिडनी फोर्ड याला बोलावलें. दोघांनीं मिळून रोमन काळांतील रुप्याचीं भांडीं बाहेर काढलीं, आणि फोर्डनें तीं स्वच्छ करून घरांत ठेवून दिलीं. चार वर्षें त्यांचा कोणालाही पत्ता नव्हता. इ. स. १९४६ मध्यें एका जाणत्या पाहुण्याच्या दृष्टीस तीं पडलीं तेव्हां गोष्ट बाहेर फुटली. चौकशी झाली, भांडीं ब्रिटिश म्युझियममध्यें गेलीं, आणि दोघांना प्रत्येकीं एक हजार पौंड देण्यांत आले. वेळींच वर्दी दिली असती तर कितीतरी पट अधिक रक्कम हातीं आली असती. पण त्याहून मोठी हानि ज्ञानाची झाली. हा ठेवा नक्की कोठून आणि कशा स्थितींत निघाला याविषयीं पंडितांत पुढें कित्येक वर्षें शंकाकुशंका चालत राहिल्या, कारण ज्या मातीनें उत्तर द्यावयाचें ती केव्हांच पुन्हां नांगरली गेली होती.

यंत्राच्या युगांत याहून दारुण प्रसंग घडला तो सरे परगण्यांतील वॉनबरो येथें. तेथें शेतजमिनीखालीं रोमन काळांतील एक देऊळ होतें आणि त्याच्या आवारांत भाविकांनीं वाहिलेलीं असंख्य नाणीं. १९८० नंतरच्या त्या वर्षांत प्रथम ज्यांना तीं सांपडलीं त्यांनीं तीं प्रामाणिकपणें अधिकाऱ्यांपुढें नेलीं. परंतु जाहीर चौकशींत जागेचें नांव उघड झालें, आणि मग रात्रीं-अपरात्रीं टोळ्याच्या टोळ्या यंत्रें घेऊन त्या शेतावर तुटून पडल्या. मालकाची परवानगी कोणीं विचारली नाहीं. हजारों नाणीं देशोदेशींच्या बाजारांत नाहींशीं झालीं. लुटारूंवर खटले भरतांना जुन्या दंडकाचा लंगडेपणा पुरता उघडा पडला, कारण देवाला वाहिलेलीं नाणीं परत घेण्याच्या हेतूनें पुरलीं होतीं असें सिद्ध कसें करावयाचें? सरेच्या पुरातत्त्व मंडळानें १९८५-८६ मध्यें त्या ओरबाडलेल्या जागेंत उरलेसुरले अवशेष शोधून काढले आणि कायदा बदलण्याचा आग्रह धरला.

अशा या पार्श्वभूमीवर हॉक्सनचें शेत पाहिलें म्हणजे लॉजच्या संयमाचें मोल कळतें. पुरातत्त्वज्ञ तेथें पोहोंचले तेव्हां ठेव्याचा बराच भाग आपल्या मूळ जागीं होता. त्यांनीं मातीचे गड्डेच्या गड्डे अखंड उचलले आणि प्रयोगशाळेंत नेऊन सावकाश उकलले. त्यामुळें कळून आलें कीं हें सर्व धन एका ओकच्या पेटींत ठेवलेलें होतें. ती सुमारें ६० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ३० उंच असावी. तिचें लांकूड कुजून गेलें होतें, पण त्याच्या खुणा शिल्लक होत्या. आंत लहान लहान पेट्या होत्या आणि त्यांना रुप्याचीं चिमुकलीं कुलुपें होतीं. कांहीं वस्तु लोंकरीच्या वस्त्रांत गुंडाळलेल्या होत्या. ज्या कोणीं ही पेटी भरली त्यानें ती घाबरून कशीतरी कोंबली नव्हती. प्रत्येक जिन्नस नीट लावून, बंद करून, परत येण्याच्या आशेनें ती भूमीच्या स्वाधीन केली होती. पुढें आसपासची जागा तपासतां जवळच एका खांबाचा खड्डा आढळला. तो कोणत्या काळचा हें सांगतां येत नाहीं, पण कदाचित् ओळख राहावी म्हणून तेथें खुणेचा खांब रोवला असेल. तसें असेल तर खूण करून गेलेला धनी परतला मात्र नाहीं.

ठेव्यांत १४,८६५ नाणीं निघालीं. त्यांत सोन्याचीं ५६९, तांब्याचीं केवळ २४ आणि बाकीचीं सर्व रुप्याचीं होतीं. त्यांवरील टांकसाळींच्या खुणा पाहिल्या तर ट्रीर, मिलान, रोम, कॉन्स्टँटिनोपल, अँटिऑक अशीं साम्राज्याच्या टोंकाटोंकांचीं नगरें डोळ्यांपुढें येतात. सर्वांत अलीकडचीं नाणीं तिसऱ्या कॉन्स्टंटाइनचीं, म्हणजे इ. स. ४०७-४०८ मधलीं आहेत. अर्थात् पेटी त्यानंतर पुरली गेली. हा काळ मोठा आणीबाणीचा होता. रोमन फौजा ब्रिटन सोडून युरोपांत गेल्या होत्या, आणि इ. स. ४१० च्या सुमारास त्या बेटावरील रोमन सत्ता संपली. रुप्याच्या जवळजवळ सर्व नाण्यांच्या कडा कातरलेल्या आहेत, आणि कातरणाऱ्यानें सम्राटाच्या मुखाला मात्र बहुधा कातर लागूं दिली नाहीं. नवें चलन येणें बंद झाल्यामुळें आहे त्यांतूनच रुपें काढून लोकांनीं व्यवहार रेटला, असा याचा अर्थ दिसतो. कोसळत्या राज्याचें अर्थशास्त्र असें एका मुठींत मावतें.

नाण्यांशिवाय सुमारें दोनशें वस्तू होत्या आणि त्यांतून एक घर उभें राहतें. कित्येक चमच्यांवर ऑरेलियस उर्सिसिनस हें नांव कोरलेलें आहे. एका सोन्याच्या कांकणावर जाळीदार कामानें युलियाना नांवाच्या स्त्रीला शुभचिंतन केलेलें आहे: स्वामिनीनें हें आनंदानें वापरावें. खांद्यांवरून घेऊन छातीवर व पाठीवर बांधावयाची एक नाजूक सुवर्णसांखळी आहे. तिच्या पुढच्या बाजूस जांभळा ॲमेथिस्ट खडा व तांबडीं रत्नें, आणि मागील बाजूस ग्रेशियन सम्राटाचें सुवर्णनाणें बसविलेलें आहे. उडी घेण्याच्या पवित्र्यांतील एक रुप्याची वाघीण आहे. ती एखाद्या मोठ्या कलशाचा कान होती. हा कलश मात्र पेटींत नव्हता. तो कोठें गेला हें सांगणारी साक्ष उरलेली नाहीं.

याच वस्तूंत चार रुप्याच्या मिरपूडदाण्या आहेत आणि त्यांचा संबंध थेट हिंदुस्थानच्या किनाऱ्याशीं पोहोंचतो. त्यांतील एक अलंकृत स्त्रीच्या अर्धपुतळ्याच्या आकाराची आहे. तिच्या तळाशीं फिरती चकती बसविलेली असून ती एका स्थितींत भरण्यासाठीं उघडे, दुसऱ्या स्थितींत पूड शिंपडते आणि तिसऱ्या स्थितींत बंद होते. मिरीं युरोपांत पिकत नाहींत. तीं मलबारच्या डोंगरउतारावरील वेलींवरून निघत, मोसमी वाऱ्यांबरोबर समुद्र ओलांडून मिसरांत जात, आणि तेथून रोमन बाजारांत. त्या व्यापाराचें दुसरें टोंक महाराष्ट्रांतही दिसतें. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची कांस्यमूर्ति निघाली, ती पश्चिम समुद्रावरील अशाच व्यापाराच्या ओघांत येथवर आलेली. सफोकच्या थंड मातींत आणि पंचगंगेच्या कांठीं सांपडलेल्या या वस्तु एकाच जगाच्या साक्षीदार आहेत.

इ. स. १९९३ च्या सप्टेंबरमध्यें कॉरोनरनें हॉक्सनचा ठेवा निखात निधि असल्याचा निर्णय दिला. त्याचें मूल्य साडेसतरा लक्ष पौंड ठरलें आणि तो ब्रिटिश म्युझियमनें घेतला. त्या वेळच्या कायद्याप्रमाणें सर्व बक्षिसावर लॉजचा एकट्याचा हक्क होता. तरीही त्यानें त्यांत व्हॉटलिंगला वांटेकरी केलें. ज्याच्या शेतांत पाऊल टाकण्यास आपल्याला मोकळीक मिळाली त्याचा त्या लाभांत भाग आहे, हें त्यानें कायद्यानें शिकविण्याच्या आधींच ओळखलें होतें.

पुढें कायद्यानेंही तेंच ओळखलें. इ. स. १९९६ चा निधि-कायदा १९९७ च्या सप्टेंबरपासून अंमलांत आला. तीनशें वर्षांहून जुनी, निदान एक दशांश सोनें वा रुपें असलेली वस्तु निधि ठरूं लागली, आणि मृताच्या मनांतील हेतु शोधण्याची कटकट बव्हंशीं संपली. चौदा दिवसांच्या आंत वर्दी देणें सक्तीचें झालें. मालकाच्या अनुमतीनें शोध झाला असेल तर बक्षीस शोधणारा आणि जमीनवाला यांच्यांत वांटून द्यावयाचें, असा प्रघात पडला. त्याच वर्षीं दुसरीही एक योजना सुरू झाली. जी वस्तु निधि ठरत नाहीं तीही स्वेच्छेनें दाखवावी. परगण्यांतील अधिकारी तिचें छायाचित्र, वजन आणि सांपडल्याची नेमकी जागा नोंदून ती परत देतील. इ. स. २००३ पर्यंत ही योजना इंग्लंड व वेल्स या सर्व प्रदेशांत पसरली, आणि आतांपर्यंत दहा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद तींत झाली आहे. त्यांतील बहुतांश वस्तू याच छंदिष्टांनीं शेतांतून आणलेल्या आहेत. एके काळीं एकमेकांचे वैरी असलेले दोन पक्ष एकाच मेजाशीं बसूं लागले.

या सर्व व्यवस्थेचा पाया शेतमालकाची परवानगी हा आहे. इ. स. २००६ मध्यें उभय पक्षांनीं मिळून आचरणाचे जे नियम ठरविले त्यांत पहिली गोष्ट तीच आहे. अनुमति आधीं घ्यावी आणि शक्य तर वांटणीचा करार लिहून ठेवावा. नांगरानें आधींच उलटलेल्या थराच्या खालीं जाऊं नये. काढलेला खड्डा बुजवावा, जागेची टिपणी ठेवावी, आणि मोठा ठेवा लागला तर हात थांबवून जाणकारांना बोलवावें. संरक्षित स्थळांवर तर सरकारी संमतीवांचून यंत्र नेणें हा १९७९ च्या कायद्यानेंच गुन्हा आहे. नांगरटीच्या थरांतील वस्तूची मूळ जागा आधींच हललेली असते, आणि फाळ व खतें तिचा नाश करीत असतात. म्हणून तेथील शोध इतिहासाला उपकारक होऊं शकतो, मात्र तो लपून केला तर नव्हे.

लपून केला म्हणजे काय होतें, याचें उदाहरण हॉक्सननंतर तेवीस वर्षांनीं घडलें. इ. स. २०१५ मध्यें हेरफर्डशायरमधील लेमस्टर गांवाजवळ दोघांना व्हायकिंग काळांतील ठेवा सांपडला. त्यांनीं तो जमीनवाल्याला किंवा अधिकाऱ्यांना न कळवितां विकावयास काढला. त्यांत सुमारें तीनशें नाणीं असावींत, असा अंदाज आहे. खटल्याच्या वेळेपर्यंत त्यांतील अवघीं एकतीस हातीं लागलीं होतीं. त्या थोड्या नाण्यांवरही वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा दुसरा केओलवुल्फ या दोन राजांचीं नांवें एकाच धर्तीच्या छापावर दिसलीं. वेसेक्सच्या बखरकारांनीं केओलवुल्फला शत्रूच्या हातांतील बाहुलें म्हणून हिणवलें होतें. तो वस्तुतः आल्फ्रेडचा बरोबरीचा मित्र असावा, असें हीं नाणीं सुचवितात. उरलेल्या नाण्यांनीं आणखी काय सांगितलें असतें? इ. स. २०१९ मध्यें अपराध्यांना कारावासाची जबर शिक्षा झाली, पण त्या प्रश्नाचें उत्तर देण्याचें सामर्थ्य कोणत्याही न्यायालयांत नाहीं.

हिंदुस्थानांत या विषयावर कायदा झाला तो इंग्रजी अमदानींत, इ. स. १८७८ मध्यें. दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधि भूमींत सांपडला तर कलेक्टरला वर्दी द्यावी, असें त्यानें सांगितलें. आणि दोघांत करार नसेल तर तीन हिस्से शोधणाऱ्याचे व एक हिस्सा जागेच्या धन्याचा, अशी वांटणीही घालून दिली. म्हणजे इंग्लंडांत ज्याला आणखी जवळजवळ एकशें वीस वर्षें थांबावें लागलें तो जमीनवाल्याचा हक्क येथील कायद्यांत आधींच लिहिला गेला होता. परंतु कायदा कोठलाही असो, तो जागा होतो वर्दी मिळाल्यावर. त्याआधींची घटका, जेव्हां शेतांत एकच माणूस असतो, हातांत सोनें असतें आणि पाहणारें कोणी नसतें, ती सर्वस्वीं त्या माणसाच्या स्वाधीन असते.

हॉक्सनच्या शेतांत ती घटका एका निवृत्त माळ्याच्या वांट्यास आली आणि त्यानें ती पार पाडली. व्हॉटलिंगचा हातोडाही पुढें त्याच शेतांत सांपडला. त्याची किंमत कोणीं केली नाहीं, पण तोही ब्रिटिश म्युझियमला देण्यांत आला, आणि युलियानेचें कांकण व उर्सिसिनसचे चमचे ज्या संस्थेच्या संग्रहांत आहेत तिच्याच दप्तरांत आतां त्या साध्या हातोड्याचीही नोंद आहे.